जाताना ५७, येताना ५७

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे आपल्या वाचकपत्रांत लग्नसराईवरून वाद चालू आहे. एका गृहस्थांनी लिहिलं की कर्ज काढून लग्न करणाऱ्यांची नावं चावडीवर लावा. दुसऱ्यांचं म्हणणं, सरसकट सगळ्यांनी नोंदणी लग्न करावं, दोन हार, चार सह्या, विषय संपला. एका ताईंनी डीजेबद्दल तक्रार केली आहे, तिच्याखाली माझीही सही धरा. रात्री १० नंतर भोंगा बंद हा कायदा असताना आमच्या आळीत साडेअकरापर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरतात.

शहाण्यांच्या वादात मी पडत नाही. पण लग्न या विषयात मी जेवढी वर्षं काढली तेवढी पंचांगवाल्या गुरुजींनीच काढली असतील. १९७९ ते २०१२ मी एसटीत चालक होतो. कराड-पाटण हा माझा पट्टा, मधूनमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या ३३ वर्षांत किती वऱ्हाडं नेली-आणली त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण उन्हाळ्यातला एकही आठवडा कोरा गेल्याचं आठवत नाही. लग्नात मी कधी मुलाकडचा नव्हतो आणि मुलीकडचाही नव्हतो. मी गाडीकडचा. त्यामुळे दोन्हीकडचं दिसायचं.

तरुण वाचकांसाठी आधी सांगतो. लग्नासाठी एसटी ठरवणं म्हणजे 'प्रासंगिक करार'. मुलाचा बाप नाहीतर चुलता आगारात यायचा, अर्ज द्यायचा, अनामत भरायची, किलोमीटरचा आणि थांबण्याच्या तासांचा हिशेब व्हायचा. आषाढी एकादशीला देव झोपले की हे अर्ज थांबायचे, आणि कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा रांग. मे महिन्यात तर शाळांच्या सुट्ट्या, देवाला जाणारे, आणि त्यात लग्नं. दाट तिथीला आगारात उभी गाडी सापडायची नाही. कुणाची तरी ओळख काढून गाडी मिळाली की तो बाप असा निघायचा, जणू पोराचं लग्न अर्धं लागलं.

ठरल्या दिवशी पहाटे गाडी गावात न्यायची. दर्शनी भागाला दोन बाजूंना केळीचे खुंट, मध्ये आंब्याचा डहाळा, सगळं सुतळीनं घट्ट. माझी एकच अट असायची, समोरची काच झाकायची नाही. पुढच्या चाकाखाली लिंबू, नारळ फोडायचा, त्याचं पाणी चाकावर. मग वऱ्हाड चढायचं. आधी म्हाताऱ्या, त्यांना पुढची जागा. मग करवल्या, त्यांना खिडकी. पुरुषमंडळी खाली तंबाखू मळत उभी, त्यांना निदान तीन वेळा हॉर्न द्यावा लागायचा. नवरा मुलगा मुंडावळ्या बांधून दाराशेजारच्या सीटवर, हातात कट्यार, आणि चेहरा वार्षिक परीक्षेला निघाल्यासारखा.

लग्न म्हणजे एका दिवसाची उधळपट्टी, दुसऱ्या दिवशी त्यातलं काय उरतं, असं त्या पहिल्या पत्रात विचारलं आहे. दुसऱ्या दिवशी काय उरतं ते मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशीही तीच गाडी माझ्याकडे असायची. रविवारी रात्री वऱ्हाड उतरवून गाडी आगारात लावायची. झाडू मारला जायचा, पण घाईघाईत. सोमवारी सकाळी पाटणहून कराडला जाणारी पहिली फेरी. कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, बाजाराच्या पाट्या घेतलेल्या बायका. आणि या सगळ्यांच्या पायाखाली अक्षता. खिडकीच्या खाचेत, सीटच्या फटीत, माझ्या पायाशी पेडलच्या आजूबाजूला हळदीनं पिवळे झालेले तांदूळ. आठवडाभर निघत राहायचे. खाचेत बोट घालून एखादी बाई विचारायची, "काल कुणाचं लग्न होतं हो?" मी गाव सांगायचो. ती म्हणायची, "बरं झालं, पोरगी खोळंबली होती." तिचा त्या घराशी संबंध काही नाही. पण खोळंबलेल्या पोरीचं लग्न झालं याचा आनंद तिला कराडपर्यंत पुरायचा.

चालकाला आहेर मिळायचा टॉवेल-टोपीचा. नारळ, सुपारी, कधी वर अकरा रुपये. माझ्याकडे टॉवेल इतके साठले की आमच्या घरी २५ वर्षांत टॉवेल विकत आणला नाही. आमच्या मंडळींनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, त्यांचं काय काय केलं ते सांगतो. भाकरी गुंडाळायचं फडकं, थोरल्याची दुपटी, पापड वाळवताना वरचं झाकण, कोयनेवर पोहायला जाणाऱ्या पोरांची अंगपुसणी, आणि शेवटी सायकल पुसायला. टोप्या आषाढीला वारीला निघालेल्या आमच्या आळीतल्या लोकांना वाटल्या. म्हणजे माझ्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या कुठल्या तरी दोन घरांचं लग्न आमच्या घरात दहा-दहा वर्षं वापरात होतं. हल्ली पत्रिकेवर 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' असं छापतात. योग्यच आहे, आहेराच्या यादीवरून झालेली भांडणं मी गाडीत बसून ऐकली आहेत. पण टॉवेल-टोपी ही देवाणघेवाण नव्हती. तुम्ही आलात हे आम्ही पाहिलं, एवढंच ते सांगणं होतं.

आता शीर्षकातली गोष्ट. १९८६ चा मे. आमच्या तालुक्यातलं वऱ्हाड कराडच्या पलीकडे कृष्णाकाठच्या एका गावाला निघालं. त्या दिवशी गाडीवर वाहक नव्हता. नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, घंटीचं मी बघतो. मामाला आयुष्यात पहिल्यांदा घंटीची दोरी हातात मिळालेली. वाटेत एवढ्यातेवढ्याला टण टण. निघताना त्यानं माणसं मोजली. मांडीवरची धरून ५७. पाकिटाच्या मागे लिहून ठेवली.

लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणी झाली. नवरी रडली, तिची आई रडली, आणि कारण नसताना मामाही रडला. सूर्य कलायला आला तशी मी गाडी चालू केली. मामानं डोळे पुसून पुन्हा माणसं मोजली. ५७. "बरोब्बर!" टण टण.

मल्हारपेठला चहाला थांबलो. नवऱ्या मुलाची आजी खाली उतरली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "आमचं म्हातारं कुठं दिसंना?" सगळी गाडी शोधली. मामा पाकीट पुढं करून सांगत होता, ५७ म्हणजे ५७, मी स्वतः मोजलीत. मी विचारलं, "मामा, त्यात नवरी मोजली का?"

मामा गप्प. नवरी एक. तिची पाठराखीण म्हणून आलेली मावशी दोन. म्हणजे दोन माणसं मागे राहिली होती. एक आजोबा, आणि त्यांच्या बोटाला धरून फिरणारा पाच वर्षांचा पणतू. त्या पोराच्या आईला वाटत होतं तो पुढं आत्याजवळ आहे, आणि आत्याला वाटत होतं मागं आईजवळ.

गाडी वळवली. जाईपर्यंत अंधार पडला होता. मांडव अर्धा उतरवलेला, एकच ट्यूब चालू. ओट्यावर आजोबा आणि नवरीचे आजोबा मांडीला मांडी लावून बसलेले, मध्ये बुंदीचं ताट. दिवसभर दोघांना एकमेकांशी बोलायला सवड झाली नव्हती, ती आता मिळाली होती. पोरगं मांडवाच्या कापडाच्या ढिगाऱ्यात गाढ झोपलेलं. आपल्याला विसरून गेलेत याची आजोबांना कल्पनाच नव्हती. मला म्हणाले, "काय ड्रायव्हरसाहेब, काय विसरलं का?"

नवरीनं खाली उतरावं की नाही यावर गाडीतल्या बायकांची मोठी चर्चा झाली. सासरचा उंबरा ओलांडायच्या आधी माहेरी परत पाऊल टाकू नये, असा निकाल लागला. मग तिची आई कपबशी घेऊन गाडीच्या खिडकीशी आली. खिडकीतून नवरीनं चहा प्यायला, बशीत ओतून. दोन तासांपूर्वी या दोघींनी अख्ख्या गावाला रडवलं होतं. आता आई खाली, लेक वर, आणि दोघी हसून हसून बेजार. बशीतला चहा आईच्या हातावर सांडत होता.

जास्तीच्या किलोमीटरचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोन व्याह्यांत जुंपली. तुम्ही द्या म्हणून नव्हे, मी देणार म्हणून. दहा मिनिटं मी लॉगशीट हातात धरून उभा होतो.

दुसरा एक प्रसंग घाटातला. नवरी चिपळूण तालुक्यातली, वऱ्हाड आमच्याकडचं. तिकडं केळीच्या पानावर जेवण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, आमची मंडळी आमटी शोधत होती पण बोटं चाटत होती. वरमाई मात्र सकाळपासून फुगलेली. मानाचं पातळ हलकं निघालं म्हणे. तोंडातून शब्द नाही. परतीला पोफळी सोडलं, घाटाची चढण सुरू झाली. नवरी माझ्या मागच्याच सीटवर. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला आरशात बघतो तर तिचा चेहरा पांढरा. मी ओळखलं, पोरीला गाडी लागली. तिनं बिचारीनं तोंडाला पदर लावून तसंच दाबून धरलेलं, पहिल्याच दिवशी सासरच्यांसमोर कसं सांगायचं. मी गाडी कडेला घेतली. ती खिडकीतून बाहेर वाकली. शेजारी वरमाई. तिनं काय करावं? एका हातानं सुनेच्या मुंडावळ्या मागं ओढून धरल्या, दुसऱ्या हातानं तिची पाठ चोळत राहिली. नव्या मानाच्या पातळाच्या पदरानंच तिचं तोंड पुसलं. कनवटीची आवळासुपारी काढून तिच्या हातावर ठेवली आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलली, "माझंबी असंच झालतं गं, लग्नात. बैलगाडीत."

नवरी म्हणाली, "बैलगाडी लागते व्हय कुणाला?"

पुढं हेळवाकपर्यंत दोघींचं जे हसणं चाललं होतं त्यात पातळाचा विषय कुठं पडला कुणास ठाऊक, घाटातच कुठंतरी पडला असेल.

मी हे सांगतोय म्हणून सगळं गोडच होतं असा समज नको. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, मी नोकरीला लागलो तेव्हा त्याला १८ वर्षं झाली होती. तरी टपावर लोखंडी कपाट, पलंग, एकदा तर स्कूटर दोरखंडानं बांधून मी आणली आहे. ती बांधताना खाली उभा असलेला मुलीचा बाप वर बघत नव्हता. लग्नानंतर दोन दिवसांनी अनामतीतले उरलेले पैसे परत घ्यायला येणारे बाप आगारात पाहिले आहेत. नखं अजून हळदीनं पिवळी आणि खिडकीशी विचारणा, साहेब किती मिळतील? कर्जाबद्दल लिहिणाऱ्या गृहस्थांशी माझं भांडण नाही. खर्च कापाच. माझं म्हणणं एवढंच की कापताना सुरी नेमकी कुठं चालवताय ते बघा.

कमी खर्चाची लग्नंही मी पाहिली. आमच्या भागात सत्यशोधक पद्धतीनं लग्न करणारी काही घरं होती. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि पुरोहिताविना लग्नं लावायला सुरुवात केली, हे मला शाळेत कळलं नाही, असं एक वऱ्हाड नेलं तेव्हा मांडवातल्या भाषणात कळलं. या लग्नात मंगलाष्टका मराठीत, आणि त्यात नवरा-नवरीच एकमेकांना वचन देतात. भटजी नाही, मानपान नाही, पंगतीला भात-आमटी आणि लापशी. नवऱ्या मुलाचं वचन पाठ होतं, पण ऐन वेळी दुसऱ्या ओळीला गाडी बंद पडली. मांडवभर शांतता. नवरीनं हळूच पुढचा शब्द सांगितला, तोही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला. जो हशा उठला! ते लग्न स्वस्तात झालं, पण कोरडं झालं नाही.

आणि कोरडं लग्नही पाहिलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारचा आदेश निघाला. लग्नाला २५ माणसं, वेळ दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड. आदेश गरजेचाच होता, आमच्या आळीतली दोन माणसं त्या महिन्यात गेली. पुढच्याच महिन्यात माझ्या पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. यादी करता करता घरात भांडणं. आत्या धरली तर मावशी बाहेर. मी गाडी चालवणार होतो, तर ड्रायव्हर पंचविसांत धरायचा का नाही यावर काथ्याकूट झाला. मी म्हणालो, मला सोडा, मी गाडीत बसतो, उभी हयात लग्नं गाडीतच बसून केलीत. कार्यालयाच्या फाटकाबाहेर जीपमध्ये बसलो. आत मंगलाष्टका चालू होत्या, पुतण्यानं फोन लावून ठेवला होता त्यातून येत होत्या, अर्ध्या तुटत. 'शुभमंगल सावधान' ऐकलं की खिशातल्या अक्षता खिडकीतून रस्त्यावर टाकल्या. समोर एक कुत्रं होतं, ते उठून लांब जाऊन बसलं. जेवण पिशवीत मिळालं.

वाचक म्हणतात तसं आदर्श लग्न होतं ते. कर्ज नाही, डीजे नाही, उधळपट्टी नाही. आणि मुलीची आई संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाली, "लगीन झालं, पर लागल्यासारखं वाटंना."

माझा मुद्दा तिच्या या वाक्यात आहे. खर्च नव्हता म्हणून ते लग्न लागल्यासारखं वाटलं नाही असं नाही. त्यात कुणाला काही कामच नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९७३ च्या उन्हाळ्यात झालं. महाराष्ट्रात दुष्काळ, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. पत्रिका जोडून तहसील कचेरीत अर्ज केला तेव्हा साखरेचं परमिट मिळालं, तेही मागितलं त्याच्या निम्मं. पण भावकीतल्या घराघरांत पीठ पोचलं आणि दुपारपर्यंत पाट्या भरून चपात्या परत आल्या. पत्रावळी आमच्या काकूंनी आठ दिवस आधीपासून लावल्या. १६ वर्षांचा मी आणि चार पोरं पाण्यावर. देवकाची पाच झाडांची पानं आणायला वेगळी माणसं, जावयांना वेगळं काम, म्हणजे रुसण्याचं. पंगतीत मीठ वाढायला सगळ्यांत लहान पोर. त्यालाच का, तर चुकलं तरी बिघडत नाही. पण त्या सात वर्षांच्या पोरानं दिवसभर मिठाची वाटी सोडली नाही, झोपतानाही उशाशी. आज तो ६० च्या घरात आहे. भेटला की अजून सांगतो, अक्काच्या लग्नात मीठ माझ्याकडं होतं.

गेल्या मार्गशीर्षात एका मोठ्या लॉनवर लग्नाला गेलो होतो. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. दीड वाजेपर्यंत पुढाऱ्यांची नावं पुकारणं चालू, अमुक यांचे आगमन झाले आहे, तमुक वाटेत आहेत. अंतरपाटासमोर सहा फोटोग्राफर पाठ करून उभे, त्यामुळे आम्ही समोर बसूनही लग्न बाजूच्या पडद्यावर बघत होतो. आम्ही चार म्हातारे पुढच्या रांगेत. काळा कोट घातलेला एक पोरगा आला, "काका, जरा मागं सरकता का? फ्रेममध्ये येताय." सरकलो. पुन्हा आला, अजून थोडं. शेवटी आम्ही आइस्क्रीमच्या टेबलाजवळ पोचलो, ते एक बरं झालं. त्या पोरालाही दोष देत नाही. त्याला काम होतं. त्या आख्ख्या लॉनवर काम फक्त पैसे घेऊन आलेल्यांना होतं. काका-मामा-आत्या सगळी खुर्चीवर, फोन बघत.

नाही म्हणायला तिथंही एक जागा जिवंत होती. हळदीसाठी त्या लॉनवाल्यांनी थर्माकोलचं रंगवलेलं जातं ठेवलं होतं, फोटोपुरतं. नवरीच्या आजीनं ते बघितलं आणि नातवाला टेम्पोतून पोतं उतरवायला लावलं. पोत्यात घरचं दगडी जातं. खुंटा सैल झालेला, त्यात चिंधी कोंबून घट्ट केला. मागच्या बाजूला, जिथं आचाऱ्यांच्या शेगड्या होत्या तिथं, पाच बायका जात्याभोवती बसल्या आणि हळकुंडं दळायला लागल्या. आजीनं ओवी धरली, बाकीच्यांना येईना, तरी त्या शेवटच्या शब्दाला साथ देत होत्या. शहरातून आलेल्या दोन पोरी जीन्स घालून खुंट्याला हात लावत होत्या आणि जातं उलटं फिरवत होत्या. आजी ओरडत होती. मी पाऊण तास तिथंच उभा होतो. सगळ्या लॉनवरचं लग्न मला तिथं सापडलं, भजी तळण्याच्या वासात.

राहता राहिलं रोजच्या घराचं. नोंदणी लग्न सुचवणाऱ्यांनी एकदा आपल्याच स्वयंपाकघरात जाऊन भांडी उलटी करून बघावीत. आमचं लग्न मे १९८२ चं. मांडणीवरच्या पितळी तांब्यावर ठोकून नाव घातलं आहे, 'मामांकडून सप्रेम भेट', खाली साल. ४० वर्षं राखेनं, चिंचेनं घासून त्यातला 'भे' जवळजवळ गेला आहे. आता वाचताना 'सप्रेम ट' असं वाचावं लागतं. मामा २००४ मध्ये गेले. रोज सकाळी मी त्या तांब्यातून तुळशीला पाणी घालतो तेव्हा मामांची आठवण काढतो असं नाही, खोटं कशाला बोलू. पण अंगठा बरोबर त्या अक्षरांवर पडतो. स्टीलचे डबे पुढच्या पिढीचे, त्यांच्यावर दुकानात मशीननं घातलेली बारीक अक्षरं. चहाचे पेले सहा, त्यातला एक आमचा नाही, कुणा अनोळखी आडनावाचा, कुठल्या तरी कार्यात बदलून आला. त्यांच्याकडं आमचा गेला असणार. गेली २० वर्षं तो पेला माझाच आहे.

लग्नात मंडळींनी उखाणा घेतला होता:

कुंभार्लीच्या घाटात वळणं आहेत फार,
...रावांच्या हाती दिला संसाराचा भार.

परवा नातसुनेनं आग्रह केला तर त्यांनी मला न विचारता त्यात दुरुस्ती केली:

कुंभार्लीच्या घाटात वळणं आहेत फार,
...राव धरतात स्टेअरिंग, ब्रेकचा माझ्याकडे कारभार.

घरातले सगळे हसले. मी तेवढा हसलो नाही, कारण ते खरं आहे.

तेव्हा संपादक महाशय, माझी सूचना व्यवहारी आहे. पाचशे पदार्थ नकोत, ड्रोन नको, पुढाऱ्यांचं पुकारणं तर अजिबात नको. पण जेवढी माणसं बोलवाल तेवढ्यांना काहीतरी काम द्या. एखाद्या काकाला अंतरपाट धरायला द्या, एखाद्या पोराला मीठ. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, त्यामुळे मधल्या काळात यायच्या बंद झालेल्या मावश्या-आत्या पुन्हा पिशव्या घेऊन दोन दिवस आधी हजर होतात. त्यांना खुर्चीवर बसवून ठेवू नका, त्यांना ते आवडत नाही. आणि गाडीच्या चालकाला वेळेवर जेवायला बोलवा. एका लग्नात मी चार वाजेपर्यंत उपाशी होतो. गाव सांगत नाही.

पत्र लांबलं. छापताना काटछाट करायची तर डीजेचा भाग काढा, तो पुन्हा कुणीतरी लिहीलच. मलाही आता उठायला हवं. येत्या रविवारी पुतणीच्या मुलाचं लग्न आहे, उंब्रजकडं. वऱ्हाडाला एसटीच ठरवली आहे, मी हट्ट धरला. चालवायला मला कुणी देणार नाही, पण माणसं मोजायचं काम माझ्याकडं आलं आहे. ४८ जाणार आहेत. वहीच्या मागच्या पानावर मी आत्ताच लिहून ठेवलं आहे: येताना ५०.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी चालक
ता. पाटण, जि. सातारा